दिसते आहे तोवरच

तळेगाव ढमढेरे इथे कुणाच्याही ओसरीवर डोळ्यांचा विषय निघाला की बोलणे मोतीबिंदूवर जाऊन थांबते. कुणाचा पिकला, कुणाचा अजून कच्चा आहे, कुणाला शिबिराच्या गाडीतून पुण्याला नेले, भिंग कोणते बसवले, पट्टी कधी सुटली, हे सगळे घरोघरी पाठ असते. वेळ नदीकाठच्या या गावातच असे आहे असे नाही. शिक्रापूरपासून खाली न्हावऱ्यापर्यंत आणि भीमा ओलांडून दौंडच्या ऊसपट्ट्यात केडगाव-पाटसपर्यंत हेच ऐकू येते. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला आणि पुढची कित्येक वर्षे त्याचा मोठा भर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांवर राहिला. आजी-आजोबांना पुन्हा दिसू लागले, नातवंडांची तोंडे ओळखू येऊ लागली. हे काम मोठे आहे आणि त्याबद्दल आदरच वाटतो.

पण याच यशाने आपल्याला थांबायची सवय लावली. दिसेनासे झाले की बघू, सुगी उरकली की जाऊ, पोराला सुट्टी मिळाली की नेऊ. मोतीबिंदूच्या बाबतीत ही दिरंगाई बहुतेक वेळा निभावून जाते. गढूळ झालेले भिंग काढून त्या जागी दुसरे बसवता येते. मधुमेहामुळे डोळ्याच्या आतल्या पडद्याचे दुखणे सुरू झाले असेल तर मात्र हीच सवय महागात पडते. पडदा बदलता येत नाही. त्यातली चेतापेशी एकदा मेली की तिच्या जागी नवी येत नाही. आणि सर्वांत फसवे काय असेल तर हे, की पडद्याचे पुष्कळ नुकसान होऊन गेले तरी माणूस तक्त्यावरची खालची ओळ घडाघडा वाचून दाखवतो.

या पुस्तकाच्या पुढच्या पानांत रक्तवाहिन्या आणि चेतापेशी यांची जी हकिगत येणार आहे, ती वाचण्याआधी हा फसवेपणा नीट समजून घ्यायला हवा. या विषयावर मराठीत जे लिहिले जाते त्यात बहुधा शेवटची पायरी असते, म्हणजे रक्तस्राव, लेझर, अंधत्व. माझ्या मते खरी गोष्ट त्याच्या कितीतरी वर्षे आधी सुरू होते आणि तिथेच ती सांगायला हवी.

आधी हा आजार होतो कुणाला, ते पाहू. साखर म्हणजे पोट सुटलेल्या, बसून काम करणाऱ्या शहरी माणसाचा आजार, ही समजूत या भागात अजून पक्की आहे. उसाच्या फडात राबणाऱ्या, अंगावर मांस म्हणून नसलेल्या माणसाची शुगर वाढलेली निघाली तर घरचे आधी लॅबवर शंका घेतात आणि दुसरीकडून रिपोर्ट काढून आणतात. या समजुतीला फार ठोस उत्तर मिळाले ते पुणे जिल्ह्यातल्याच खेड्यांतून. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेले वढू बुद्रुक तळेगावपासून फार लांब नाही. तिथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. त्यांना १९९३ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वढूच्या केंद्रातून २००२ पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांमधल्या जन्म-मृत्यूंची आणि स्थलांतराची घरोघर फिरून नोंद ठेवली जाऊ लागली.

केईएममधलेच डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा, त्यांच्या गर्भारपणाचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास हाती घेतला. या बायका शेतात राबणाऱ्या. गर्भारपणाआधीचे त्यांचे वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास. त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. इथवर नवल काही नाही. पण मोजमापे बारकाईने घेतल्यावर दिसले की आपल्या बाळांचे स्नायू बरेच कमी होते, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारे आणि तरी चरबी बाळगून असलेले हे शरीर जन्मापासूनचे आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. हा फोटो प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावावा असे मला मनापासून वाटते. ‘मी तर सडपातळ आहे’ हे वाक्य त्याच्यासमोर टिकत नाही.

देशाचा हिशेब २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार २०२१ साली देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह होता आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर होते. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेहींपैकी १२.५ टक्क्यांच्या पडद्यावर आजाराच्या खुणा आणि ४ टक्क्यांची नजर धोक्यात, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका देशव्यापी अभ्यासात आढळले. हे आकडे वाईट आहेतच, पण मला जास्त अस्वस्थ करतो तो तिसरा आकडा. २०१५ ते २०१९ या काळात पन्नाशीच्या पुढच्या लोकांची राष्ट्रीय पाहणी झाली. मधुमेह असल्याचे ज्यांना माहीत होते, अशा लोकांतल्या दर दहापैकी नऊ जणांनी पडदा कधीच तपासून घेतलेला नव्हता. गोळ्या चालू, रक्ततपासणी चालू, पथ्यही थोडेफार चालू. ज्या एका अवयवात रक्तवाहिन्या चिरफाड न करता डोळ्यांनी पाहता येतात, तेवढाच पाहायचा राहिला.

चांगला पडदा दिसतो कसा? बाहुली मोठी करून आतला फोटो काढला की नारिंगी-तांबूस पार्श्वभूमीवर नाकाच्या बाजूला एक फिकट पिवळी गोल चकती दिसते. ते दृष्टिचेतेचे टोक. तिथून चार मुख्य रक्तवाहिन्यांच्या जोड्या वर-खाली, आत-बाहेर पसरतात आणि फाटे फुटत बारीक होत जातात. कानाच्या बाजूला थोडा गडद डाग असतो, तो पीतबिंदू, डॉक्टरांच्या बोलण्यातला मॅक्युला. आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, माणूस ओळखतो ते याच्या जोरावर. पीतबिंदूच्या ऐन मध्यावर जेमतेम अर्धा मिलिमीटर जागा अशी असते की तिथे एकही रक्तवाहिनी नसते. प्रकाशाच्या वाटेत रक्त आडवे येऊ नये, म्हणून निसर्गाने तिथे केशवाहिन्या जाऊच दिल्या नाहीत.

पडद्याची सारी अडचण इथूनच सुरू होते. हा पापुद्रा बहुतेक ठिकाणी पाव मिलिमीटरच्या आसपास जाड. गर्भात तो मेंदूतूनच बाहेर वाढत आलेला असतो. खऱ्या अर्थाने तो मेंदूचा भाग आहे. त्याची प्राणवायूची भूक शरीरातल्या कुठल्याही ऊतीपेक्षा कमी नाही आणि अंधारात तर ती आणखी वाढते, कारण काळोखात काम करणाऱ्या दंडपेशी तेव्हा सर्वांत जास्त ऊर्जा खातात. तरीही पारदर्शक राहायचे असल्याने त्याला रक्तवाहिन्या मोजक्याच ठेवाव्या लागतात. आतल्या दोन-तृतीयांश भागाला या वाहिन्या रक्त पुरवतात, बाहेरच्या भागाला मागच्या थरातून पोषण पाझरते. भूक मोठी आणि पुरवठा बेताचा. धडधाकट माणसात सुद्धा इथे फारसे काही शिलकीत नसते.

आता साखरेकडे वळू. स्नायूंच्या पेशींना रक्तातली साखर आत घ्यायला इन्सुलिन लागते. पडद्याच्या पेशींना तसे लागत नाही. रक्तात साखर जितकी चढेल तितकी ती त्यांच्यात शिरत राहते, तिला अडवायची सोय त्यांच्याकडे नाही. मग पेशीच्या आत नेहमीचे मार्ग तुंबतात आणि साखर आडवाटांना लागते. काही सॉर्बिटॉलमध्ये बदलते, काही प्रथिनांना चिकटून त्यांचे काम बिघडवते. मायकेल ब्राउनली या अमेरिकी शास्त्रज्ञाने २००१ मध्ये या वेगवेगळ्या वाटा एकाच ठिकाणी आणून जोडल्या. पेशीतली ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया जादा साखरेने बेजार होतात, प्राणवायूचे मारक रेणू बाहेर टाकतात आणि बाकीचे बिघाड त्यातून उद्भवतात, अशी त्यांची मांडणी होती.

रक्तवाहिन्यांवरचा परिणाम आधी कळला, कारण तो दिसतो. हेल्महोल्त्झने डोळ्याच्या आत पाहण्याचे यंत्र १८५१ मध्ये जगापुढे ठेवले आणि चारच वर्षांनी, १८५५ मध्ये, व्हिएन्नाच्या एडवर्ड येगर यांनी मधुमेही माणसाच्या पडद्यावरचे पिवळट आणि तांबडे डाग वर्णन केले. हा मधुमेहाचाच परिणाम, हे मान्य व्हायला मात्र बराच काळ गेला. १९४३ मध्ये बॅलंटाइन आणि लोएनस्टाइन यांनी ते तांबडे ठिपके म्हणजे केशवाहिन्यांच्या भिंतींना आलेले इवलेसे फुगवटे आहेत, हे दाखवले. बॉस्टनमधले डेव्हिड कोगन आणि तोईचिरो कुवाबारा यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला आणखी पुढची गोष्ट केली. मृत व्यक्तीच्या पडद्यातल्या बाकीच्या पेशी त्यांनी पाचकरसाने विरघळवून टाकल्या आणि नुसते केशवाहिन्यांचे जाळे काचपट्टीवर पसरले. निरोगी पडद्यात केशवाहिनीच्या आतल्या अस्तराची जवळजवळ प्रत्येक पेशी बाहेरून एका आधारपेशीने धरलेली असते. तिचे नाव पेरिसाइट. मधुमेहींच्या पडद्यात अस्तर शाबूत होते, पण या आधारपेशी जागोजागी नाहीशा झाल्या होत्या. त्यांच्या मोकळ्या जागा तेवढ्या उरल्या होत्या.

आधार गेला की भिंत फुगते, तोच तो तांबडा ठिपका. भिंत झिरपू लागली की रक्तातले पाणी आणि चरबी पडद्यात उतरते. पाण्याने पीतबिंदूला सूज येते, चरबीचे पिवळे, कडा स्पष्ट असलेले कण साचतात. काही केशवाहिन्या कायमच्या बंद पडतात आणि त्यांच्या हद्दीतला पडदा प्राणवायूवाचून तडफडू लागतो. ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्ये तर्क केला होता की असा उपाशी पडदा कुठलातरी रासायनिक पदार्थ सोडत असला पाहिजे आणि त्याच्यामुळे नव्या रक्तवाहिन्या फुटत असल्या पाहिजेत. तो पदार्थ १९८९ मध्ये ओळखला गेला, त्याला व्हीईजीएफ म्हणतात. आणि १९९४ मध्ये मधुमेहींच्या डोळ्यातल्या द्रवात तो भरपूर असल्याचे सिद्ध झाले. नव्या वाहिन्या उपाशी पडद्याला जगवायला येतात खऱ्या, पण त्या कच्च्या असतात. नको तिथे, डोळ्यातल्या पारदर्शक गराच्या पृष्ठभागावर त्या वाढतात, फुटतात, आणि माणूस सकाळी उठतो तो डोळ्यापुढे काळे जाळे घेऊनच. बहुतेक जण डॉक्टरकडे पहिल्यांदा येतात ते या दिवशी. तोपर्यंत आजाराला बरीच वर्षे होऊन गेलेली असतात.

चेतापेशींची बाजू मागे पडली ती दिसत नव्हती म्हणून. अमेरिकेतल्या ब्लडवर्थ या विकृतिशास्त्रज्ञाने १९६२ मध्येच लिहिले होते की हा आजार पडद्याच्या सर्वच घटकांचा आहे, एकट्या रक्तवाहिन्यांचा नव्हे. त्याकडे पुढे पंचवीस-तीस वर्षे फार कुणी लक्ष दिले नाही. १९९८ मध्ये अ‍ॅलिस्टर बार्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना मधुमेह देऊन पाहिले, तेव्हा चेतापेशी मरण्याचे प्रमाण सुरुवातीपासूनच वाढलेले आढळले. माणसांतही हा शोध घेतला गेला. प्रकाशाचा झोत टाकला की पडदा विजेचा बारीकसा संदेश देतो. डोळ्याला धागा किंवा भिंग लावून तो नोंदवता येतो. मधुमेहींमध्ये हा संदेश काही हजारांश सेकंदांनी उशिरा येतो आणि पडद्याचा फोटो पूर्ण स्वच्छ असतानाही येतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या संशोधकांनी २००४ मध्ये पडद्याचे छोटे छोटे भाग पाडून प्रत्येकाचा संदेश वेगळा मोजला. ज्या भागांत संदेश रेंगाळला होता, तिथेच वर्षभरात नवे तांबडे ठिपके उमटण्याचा संभव कितीतरी जास्त निघाला. म्हणजे वाहिनी फुगण्याच्या आधी त्या जागच्या चेतापेशी संथ झाल्या होत्या.

याचा अर्थ चेतापेशी आधी आणि रक्तवाहिन्या नंतर, असा सरळ क्रम लावावा का? मला तसे वाटत नाही. युरोपात अनेक देशांनी मिळून ४४९ रुग्णांवर एक मोठी चाचणी केली. तिच्यात बऱ्याच जणांच्या चेतापेशींत काहीही बिघाड आढळला नाही. काहींचा आजार एका बाजूने सुरू होतो, काहींचा दुसऱ्या. त्या चाचणीत चेतापेशींना जपणारे थेंब दोन वर्षे घालून पाहिले. सर्वांना त्याचा फायदा झाला नाही, ज्यांच्यात बिघाड आधीच सुरू झाला होता त्यांच्यात मात्र तो वाढायचा थांबल्याच्या खुणा दिसल्या. चेतापेशी वाचवणारे सिद्ध औषध आज बाजारात नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ‘नस मजबूत करणारे थेंब’ म्हणून कुणी काही विकत असेल तर ते घेऊ नये.

खरी गोष्ट दोघांच्या संगनमताची आहे. चासकमानच्या पाटाला पाणी सुटले की सगळ्या चाऱ्या एकदम वाहत नाहीत. ज्या शिवारात भरणे चालू आहे तिकडची दारे पाटकरी उघडतो, बाकीची मिटून ठेवतो; तसे केले नाही तर शेवटच्या रानापर्यंत पाणी पोचणारच नाही. पडद्यातही असेच चालते. जिथे प्रकाश पडला तिथल्या चेतापेशी कामाला लागतात, त्यांची हाक म्युलर नावाच्या सहायक पेशी केशवाहिन्यांपर्यंत पोचवतात, पेरिसाइट ढिल्या पडतात आणि तेवढ्याच जागी रक्त वाढते. लुकलुकता प्रकाश डोळ्यावर टाकला तर निरोगी माणसात या वाहिन्या रुंदावताना मोजता येतात. मधुमेहींत हे रुंदावणे कमी होते, आणि तेही पडद्यावर कसलीच खूण दिसत नसताना. हाक द्यायला चेतापेशी कमी पडल्या की रक्त पोचत नाही आणि रक्त पोचले नाही की चेतापेशी आणखी कमजोर होतात. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१७ च्या निवेदनात या आजाराला रक्तवाहिन्या आणि चेतापेशी या दोहोंचा मिळून आजार म्हटले, ते याच पुराव्यांवरून.

रोजच्या जगण्यात हे कसे जाणवते? बहुतेकांना जाणवतच नाही. काहींना संध्याकाळच्या मावळत्या उजेडात एसटीची पाटी पटकन लागत नाही, उन्हातून गोठ्यात शिरल्यावर डोळे जुळायला जास्त वेळ लागतो, निळ्या आणि हिरव्या दोऱ्यांत गल्लत होते. रांजणगावच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणारा पोरगा म्हणतो, दिवे कमी केलेत वाटतं. तो मग चष्म्याच्या दुकानात जातो. तिथे नंबर काढून मिळतो, आणि शुगर वरखाली होत असेल तर तो नंबरही महिन्यात बदलतो. दुकानदाराचा यात दोष नाही. नंबर काढणे आणि पडदा पाहणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे आपल्यालाच कुणी सांगितलेले नसते.

इथे आणखी एक समजूत बाजूला काढून बोलायला हवी, कारण तिने फार नुकसान केले आहे. ‘इन्सुलिन सुरू केले आणि डोळे गेले.’ हे बोलणारी माणसे खोटे बोलत नाहीत. वर्षानुवर्षे चढलेली साखर अचानक खाली आणली की आधीच आजारी असलेला पडदा काही महिने आणखी बिघडू शकतो. अमेरिका आणि कॅनडातल्या ज्या मोठ्या चाचणीने १९९३ मध्ये साखर काबूत ठेवण्याचे महत्त्व सिद्ध केले, तिच्यातही हे दिसले होते. कडक नियंत्रण ठेवलेल्यांपैकी १३.१ टक्क्यांचा पडदा पहिल्या वर्षात बिघडला, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ७.६ टक्क्यांचा. पण पुढे चित्र पालटले. सुरुवातीला ज्यांच्या पडद्यावर काहीच नव्हते, त्यांच्यात आजार सुरू होण्याचा धोका कडक नियंत्रणाने ७६ टक्क्यांनी घटला. म्हणजे इन्सुलिन सोडायचे कारण यात कुठेच नाही. साखर उतरवण्याआधी पडदा पाहून घ्यावा, आणि उतरवत असताना पुन्हा पाहावा, एवढेच त्यातून निघते. शेजारच्या आजींचे डोळे इन्सुलिनने गेले असे ऐकून ज्यांनी सुई नाकारली, त्यांच्यापर्यंत हे आकडे कुणी पोचवलेच नाहीत.

रक्तदाबाचे महत्त्व अजूनही कमी लेखले जाते. ब्रिटनमधल्या १९९८ च्या अभ्यासात रक्तदाब काटेकोर ठेवल्याने बारीक रक्तवाहिन्यांचे विकार ३७ टक्क्यांनी कमी झाले. साखरेची गोळी न चुकता घेणारी माणसे बीपीची गोळी ‘बरं वाटतंय’ म्हणून सोडतात, हे मी सतत ऐकतो. गुळाबद्दल थोडक्यात: दौंडच्या गुऱ्हाळांवरचा गूळ कितीही चांगला असला तरी रक्तात गेल्यावर तो साखरच आहे. आणि मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी अनेक वर्षे घेणाऱ्या शाकाहारी मंडळींनी बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. पुण्याच्या त्याच सहा खेड्यांत दोन-तृतीयांश गर्भवतींच्या रक्तात ते कमी आढळले होते, मेटफॉर्मिनने ते आणखी उतरते, आणि चेतापेशींना त्याच्यावाचून चालत नाही.

उपचार आहेत आणि ते चांगले आहेत. लेझरने पडद्याच्या कडेच्या भागावर शेकडो बारीक ठिपके भाजले जातात. ऐकायला हे क्रूर वाटते. पण प्राणवायू जास्त खाणाऱ्या पेशी काही जागी कमी केल्या की उरलेल्यांना तो पुरतो आणि व्हीईजीएफची पातळी उतरते. १९७६ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकी चाचणीने दाखवले की याने नजर जवळजवळ पूर्ण जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. किंमत म्हणून रात्रीची आणि कडेची नजर थोडी जाते. व्हीईजीएफला अडवणारी इंजेक्शने पीतबिंदूची सूज उतरवतात, पण सुरुवातीला ती दर महिन्याला घ्यावी लागतात. पुस्तकात हे एका ओळीत संपते. तळेगावहून पुण्याला जाण्याचा अर्थ मात्र दर महिन्याला एका दिवसाचा रोज बुडणे, सोबतीला आलेल्याचाही बुडणे, गाडीभाडे, आणि डोळ्यात सुई या कल्पनेची भीती. तिसऱ्या इंजेक्शननंतर जरा स्पष्ट दिसू लागले की लोक येणे सोडतात. त्यांना बेफिकीर म्हणणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे आहे. पडद्याची तपासणी आणि पाठपुरावा तालुक्याच्या आत मिळायला हवा, आणि हातात मावणाऱ्या कॅमेऱ्यांमुळे ते आता अशक्य राहिलेले नाही. मोतीबिंदूच्या शिबिराला जी गाडी गावात येते, तिच्यात एक कॅमेरा ठेवला आणि आलेल्या प्रत्येक मधुमेहीचा फोटो काढला, तर सुरुवात तेवढ्याने होते.

तपासणी कधी? वयस्कपणी होणारा मधुमेह ज्या दिवशी निघाला त्याच सुमारास पहिली, कारण तो कधी सुरू झाला ते कुणालाच माहीत नसते. लहानपणी किंवा तरुणपणी इन्सुलिनवर गेलेल्यांची पाच वर्षांच्या आत. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांत, कारण गर्भारपणात पडद्याचा आजार झपाट्याने वाढू शकतो. त्यानंतर सर्वांची दरवर्षी, आणि खुणा दिसल्या असतील तर डॉक्टर सांगतील तितक्या लवकर. तपासणीआधी थेंब टाकले की डोळे थोडे चुरचुरतात, बाहुली मोठी व्हायला अर्धा तास लागतो, पुढचे काही तास जवळचे धूसर आणि उजेड डोळ्यांवर येतो. त्यामुळे मोटारसायकलवर एकट्याने येऊ नये आणि टोपी किंवा गॉगल जवळ ठेवावा. फोटो मागून घ्यावा आणि शुगरच्या रिपोर्टांच्या पिशवीतच ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षी डॉक्टरांना दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात.

पहिले प्रकरण निरोगी पडद्याच्या छायाचित्राने सुरू होते. ते आधी नीट पाहून घ्यावे. पुढची सगळी छायाचित्रे त्याच्याशी ताडूनच वाचायची आहेत.